सात विरुद्ध शून्य एवढ्यावर निकाल लावू नकोस

प्रश्न : सर, मी मिहानमध्ये रात्रपाळी करतो. अमेरिकन फुटबॉलचा नाद तिथेच लागला. सुपर बोल, म्हणजे तिथल्या लीगचा अंतिम सामना, आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतो. तो पाहून आम्ही तर्री-पोहे खायला जातो. परवा टपरीवर मित्राशी जोरदार वाजलं. तो म्हणतो, टॉम ब्रेडीचे सात सुपर बोल, डॅन मरीनोचा एकही नाही, विषय संपला. क्वार्टरबॅक, म्हणजे पास देऊन चढाई चालवणारा खेळाडू, किती मोठा हे जेतेपदांवरूनच ठरवायचं का?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : तुझा मित्र ब्रेडीला मोठा म्हणतो ते बरोबर आहे, पण कारण चुकीचं सांगतो.

दोन माणसं तोलण्याआधी एकाच माणसाची दोन वर्षं शेजारी ठेव. फेब्रुवारी २०१८ च्या अंतिम सामन्यात ब्रेडीने पास देऊन संघाला एकूण ५०५ यार्ड पुढे नेलं, तीन टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) दिले आणि संघ ३३-४१ असा हरला. पुढच्याच वर्षी २६२ यार्ड, टचडाउनचा एकही पास नाही, उलट एक पास समोरच्यांच्या हातात. संघ १३-३ असा जिंकला. सातांतला एक तो! पेटन मॅनिंग या दुसऱ्या क्वार्टरबॅकचंही तेच. २०१३ च्या हंगामात ५५ टचडाउन पास, आणि अंतिम सामन्यात ८-४३ अशी वाताहत. २०१५ च्या हंगामात ९ टचडाउन, १७ इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास), मधले काही सामने तर दुसराच क्वार्टरबॅक खेळला. करंडक मात्र त्या वर्षी मिळाला, कारण त्याच्या डेन्व्हर संघाचा बचाव जबरदस्त होता.

क्वार्टरबॅकच्या हातात असतं किती? चेंडू त्याच्याकडे येतो, पुढचे पाच जण त्याला आडोसा देतात, आणि तीनेक सेकंदांत मोकळा साथीदार हेरून त्याला फेकायचं असतं. चेंडू समोरच्यांकडे गेला की हा मैदानाबाहेर; बचावाचे अकरा वेगळे. फेब्रुवारी २०१५ मध्ये समोरचा सिएटल संघ विजयापासून एक यार्डावर होता, अर्ध्या मिनिटाहूनही कमी वेळ उरला होता, आणि ब्रेडी बाहेरून बघत होता. माल्कम बटलर नावाच्या नवख्या पोराने मध्ये घुसून पास पकडला, म्हणून ब्रेडीच्या खात्यात चौथा करंडक पडला.

मरीनोने १९८४ मध्ये, आपल्या दुसऱ्याच हंगामात, ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाउन केले. तोवर एका हंगामात पाच हजार यार्डांचा टप्पा कोणीच गाठला नव्हता. अंतिम सामन्यात त्याचा मायामी संघ १६-३८ हरला. तो पुढे पंधरा हंगाम खेळला, पण पुन्हा तिथवर पोचला नाही.

मी हे इतक्या पोटतिडकीने का लिहितो ते सांगतो. मी तीस वर्षं व्हॉलीबॉल शिकवला. आपल्या खेळात लिफ्टर, म्हणजे स्मॅशरला मारायला चेंडू उचलून देणारा, तोच तुझा क्वार्टरबॅक. एका आंतरशालेय अंतिम सामन्याला मी निवड समितीत होतो. हरलेल्या संघाचा लिफ्टर अजून डोळ्यांसमोर आहे : दोन बोटं चिकटपट्टीने बांधलेली, मागून आलेला पहिला पास प्रत्येक वेळी वाकडा, आणि हा कोर्टाबाहेर पळत जाऊन चेंडू उचलायचा. चेंडू अजिबात न फिरता जाळीवर वीतभर अंतरावर उभा राहायचा. पाचव्या सेटमध्ये १३-१३ असताना असे दोन चेंडू त्याने दिले. स्मॅशरने दोन्ही जाळीत मारले. सामना गेला. यादीत मी जिंकलेल्या संघाच्या लिफ्टरचं नाव लिहिलं. तो मुलगा पुढच्या वर्षी मैदानावर दिसला नाही. माझं चुकलं.

क्रिकेटमधला आपला सलामीवीर फैज फजल बघ. विदर्भाने पहिला रणजी करंडक १ जानेवारी २०१८ ला, इंदूरला, दिल्लीला हरवून जिंकला, कर्णधार तोच. पण विदर्भाकडून तो पहिल्यांदा खेळला २००३ मध्ये. त्या आधीच्या वर्षांत, विदर्भाला कोणी विचारत नव्हतं तेव्हा, नव्या चेंडूसमोर उभा राहणारा फैज काय छोटा होता?

जेतेपदं मोजूच नकोस असं मी म्हणत नाही. अंतिम सामन्याचा ताण खराच असतो, आणि तो पेलणारे थोडेच. फक्त करंडक संघाच्या खात्यात लिही. क्वार्टरबॅकच्या खात्यात एवढंच बघ, की अंगावर माणूस धावून येत असताना त्याने कुठे पाहिलं, चेंडू किती लवकर सोडला, आणि संघ मागे असताना त्याचे पास ढेपाळले की सुधारले. फेब्रुवारी २०१७ मध्ये अटलांटाविरुद्ध ३-२८ असं मागे असताना ब्रेडीने सामना ३४-२८ असा फिरवला. मित्राला म्हणावं, ब्रेडीची बाजू घ्यायची तर या सामन्याचा दाखला दे. आणि त्याच बैठकीत त्याला मरीनोचा १९८४ चा हंगामही दाखव.