समतेच्या कलमाखालची ओळ

प्रश्न : मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आंतरराष्ट्रीय मानवी हक्क कायद्याची वंशभेदाच्या अंगाने चिकित्सा करणाऱ्या अभ्यासकांवर निबंध लिहायचा आहे. सर्व माणसे समान म्हणणाऱ्या या कायद्याच्या घडणीतच वंशभेद आहे, असे ते म्हणतात. मला हे पटत नाही. कायदा चांगला, राबवणारे वाईट, एवढे म्हणणे पुरेसे नाही का?

उत्तर : नाही. राबवणाऱ्यांचा दोष आहेच, पण काही पळवाटा मसुदा लिहितानाच ठेवल्या गेल्या. म्हणून वर्गात मी विद्यार्थ्यांना कोणत्याही करारातले अपवादाचे कलम आधी वाचायला लावत असे.

पहिल्या महायुद्धानंतरची, १९१९ची पॅरिस शांतता परिषद घ्या. राष्ट्रसंघाच्या करारनाम्यात समतेचे तत्त्व यावे, अशी जपानची सूचना होती. विरोध पाहून जपानने ‘वंश’ हा उल्लेखही गाळला आणि राष्ट्रांची समानता व त्यांच्या नागरिकांना न्याय्य वागणूक एवढेच मागितले. ११ एप्रिलला करारनाम्याचा मसुदा करणाऱ्या आयोगातल्या १७ पैकी ११ मते बाजूने पडली. तरी आयोगाचे अध्यक्ष, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी एकमत नाही, असे कारण देऊन सूचना फेटाळली. बहुमत असताना! इथे राबवणाऱ्यांना दोष कसा द्यायचा? राबवायला कलमच उरले नाही.

पुढे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या प्रास्ताविकात मानवी हक्कांचा उल्लेख आला, त्यामागे यान स्मट्स होते. हेच गृहस्थ वर्णविभाजन चालवणाऱ्या दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान. १९४६मध्ये तिथल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल भारताने आमसभेत तक्रार केली, तेव्हा स्मट्स यांनी देशाच्या अंतर्गत बाबींत संयुक्त राष्ट्रांनी पडू नये, या त्याच सनदेतल्या कलमाचा आडोसा घेतला. ठराव तरीही मंजूर झाला, आणि वसाहतवादातून सुटलेल्या देशांनी ही सनद आपल्या कामाला जुंपली, हेही निबंधात यायला हवे. १९५०च्या युरोपीय मानवी हक्क करारात तर वसाहतींना तो लागू करायचा की नाही, हे राज्यकर्त्या देशाच्या मर्जीवर सोडले होते.

हे अभ्यासक मानवी हक्कच नाकारतात, असा समज मात्र करून घेऊ नका. कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत ड्यू बॉइस यांच्या पुढाकाराने १९४७मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकनांची कैफियत संयुक्त राष्ट्रांपुढे गेली, ती या कायद्यावर हक्क सांगूनच. या परंपरेचे मला मोल वाटते ते त्यासाठी.

निबंधाला आजचे उदाहरण हवे असेल तर १९६५चा वंशभेद निर्मूलन करार उघडा. कलम १चा पहिला परिच्छेद वंश, वर्ण, कूळ, राष्ट्रीय वा वांशिक मूळ यांवरचा भेदभाव व्याख्येत घेतो. दुसरा परिच्छेद नागरिक आणि बिगरनागरिक यांच्यात राज्याने केलेला फरक कराराबाहेर ठेवतो. सीमेवर अडवल्या जाणाऱ्या माणसाचा वर्ण आणि पासपोर्ट पुष्कळदा एकत्रच तपासला जातो; पण पासपोर्टचे कारण पुढे केले, की राज्याला सुटायला वाट मिळते. तेंदायी अचिउमे यांनी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदावरच्या विशेष प्रतिवेदक (स्वतंत्र तज्ज्ञ) असताना स्थलांतर आणि नागरिकत्वातल्या वंशभेदावर बोट ठेवले आहे. त्यांचे अहवाल जरूर वाचा. मग कतारने संयुक्त अरब अमिरातीविरुद्ध याच कराराखाली केलेल्या दाव्याचा ४ फेब्रुवारी २०२१चा निकाल घ्या. सध्याचे नागरिकत्व हे ‘राष्ट्रीय मूळ’ नव्हे, असे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटले आणि ११ विरुद्ध ६ मतांनी अधिकारक्षेत्र नाकारले, म्हणजे हा दावा ऐकण्याचा आपल्याला अधिकार नाही असे ठरवले. बहुमताचा निकाल आणि विरोधी मते शेजारी ठेवून वाचा, आणि निबंध तिथूनच सुरू करा.