धावणारा एक्सायटॉन आणि त्याचं चुंबकत्व

अर्धसंवाहकात प्रकाश शोषला गेला की इलेक्ट्रॉन वर उचलला जातो, मागे 'होल' (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) उरतं, आणि दोघं एकमेकांना धरून फिरू लागतात. ही जोडी म्हणजे एक्सायटॉन. फ्रेंकेल यांनी १९३१ मध्ये ही कल्पना मांडली. एक्सायटॉन जितका वेगानं धावतो, तसं त्याचं चुंबकत्व बदलतं. गती आणि चुंबकत्वाच्या या नात्याबद्दल आलेले प्रश्न आज घेतो.

इलेक्ट्रॉन ऋण, होल धन. मिळून भार शून्य. मग चुंबकाचा परिणाम होईलच कसा? (बारावीची विद्यार्थिनी, फोंडा)

भार शून्य म्हणून चुंबकत्वही शून्य, असं नसतं. न्यूट्रॉनवर भार नाही, तरी त्याला चुंबकीय परिबल (छोट्या चुंबकासारखी ताकद) आहेच. एक्सायटॉनमध्ये इलेक्ट्रॉनचा स्पिन (त्याचा अंगभूत कोनीय संवेग) आहे, होलचा कोनीय संवेग आहे. चुंबकीय क्षेत्रात त्यामुळे वर्णपटातली रेषा दुभंगते. झीमान यांनी १८९६ मध्ये सोडियमच्या रेषांवर जो परिणाम पाहिला, तोच हा. दुभंगलेल्या रेषांमधलं अंतर जितकं जास्त, तितकं परिबल मोठं. हे पक्कं लक्षात ठेव, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

एकसमान वेगानं जाणाऱ्या वस्तूच्या आत काही बदलत नाही, असं आम्ही वर्गात शिकवतो. एक्सायटॉन अपवाद का? (शिक्षक, म्हापसा)

खरा प्रश्न हाच, आणि तुमचं शिकवणं बरोबरच आहे. रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट संथ पाण्यावर एका वेगानं चालली असेल, तर हातातून सुटलेलं नाणं पायाशीच पडतं. निर्वातातला हायड्रोजनचा अणूही असाच: आपण धावतोय की थांबलोय, हे त्याच्या आतून कळायला मार्ग नाही.

एक्सायटॉन मात्र स्फटिकातून धावतो. धावायचं ते अणूंच्या स्थिर रांगांमधून, त्यामुळे इथे वेगाला अर्थ येतो. त्यातही होल फार गुंतागुंतीचं आहे. त्याचा कोनीय संवेग आणि ते कुठल्या दिशेनं चाललंय, यांवर त्याचं वस्तुमान ठरतं. म्हणून 'जड' आणि 'हलकं' होल असे दोन प्रकार मानतात. परिणामी, जोडीची एकत्रित धाव आणि जोडीतलं एकमेकांभोवतीचं फिरणं यांची गणितं वेगळी करता येत नाहीत. धाव वाढली की एक्सायटॉनच्या सर्वांत खालच्या, गोलाकार 'एस' अवस्थेत वरच्या 'पी' अवस्था मिसळतात. 'पी' अवस्थेला स्वतःचा कक्षीय कोनीय संवेग असतो, म्हणून परिबल बदलतं. थांबलेला आणि धावणारा एक्सायटॉन आतूनच वेगळे असतात. मला या विषयात सर्वांत सुंदर वाटतं ते हेच.

इतक्या क्षणभंगुर गोष्टीचा वेग मोजतात कसा? (एम.एस्सी.चा विद्यार्थी, ताळगाव)

थेट मोजत नाहीत, तो आधीच ठरवून देतात. दोन भिंतींमध्ये पातळ थर बसवायचा, पण एक्सायटॉन अख्खा मावेल इतका रुंद. आत एक्सायटॉनची स्थिर तरंगरूपं तयार होतात: रुंदीत अर्धी तरंगलांबी एकदा, दोनदा, तीनदा बसते. प्रत्येक रूपाचा संवेग ठरलेला, आणि वर्णपटात प्रत्येकाची रेषा वेगळी. मग चुंबकीय क्षेत्र लावून कुठली रेषा किती दुभंगते ते पाहायचं. इंग्लंडमधलं बाथ विद्यापीठ आणि सेंट पीटर्सबर्गची इऑफी संस्था इथल्या संशोधकांनी झिंक सेलेनाइड, कॅडमियम टेल्युराइड अशा पदार्थांवर हे काम केलं. वरच्या क्रमांकाच्या, म्हणजे जास्त वेगाच्या रेषांचं दुभंगणं ठळकपणे वेगळं निघालं.

हा साधा लॉरेंझ बलाचाच परिणाम नाही ना? (साखळी)

शंका रास्त आहे. लॉरेंझ बल म्हणजे चुंबकीय क्षेत्रात धावणाऱ्या भारावर येणारं बल. क्षेत्राला आडवा धावणारा एक्सायटॉन असेल तर ते बल इलेक्ट्रॉन आणि होलला विरुद्ध बाजूंना ओढतं, जणू विद्युतक्षेत्रच लावलंय. थॉमस आणि हॉपफील्ड यांनी १९६० च्या सुमारास कॅडमियम सल्फाइडमध्ये हे दाखवलं. (न्यूरल नेटवर्कसाठी २०२४ चं नोबेल मिळालं, तेच हे हॉपफील्ड.) पण वरच्या प्रयोगांत धाव क्षेत्राला समांतर ठेवता येते. तेव्हा एकूण धावेवर लॉरेंझ बल शून्य, आणि तरीही परिबल बदलतं.

आमच्या कॉलेजात हे करता येईल का? (वास्को)

नाही. झिंक सेलेनाइडमध्ये जोडी धरून ठेवणारी ऊर्जा सुमारे २० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, तर खोलीच्या तापमानाची उष्णता २५ च्या आसपास; रेषा पसरून जातात. द्रवरूप हेलियमची थंडी आणि अतिवाहक चुंबक लागतो. पारा-दिव्याच्या रेषांचा साधा झीमान प्रयोग मात्र पदव्युत्तर प्रयोगशाळेत होतो. तिथून सुरुवात करा.