समुद्रातल्या दुर्घटनेचं वर्णन मुलांकडून कसं लिहून घ्यावं? सगळेच 'हाहाकार माजला' लिहितात.

आधी खरी घटना द्या. माझी निवड 'रामदास' बोट. १७ जुलै १९४७, आषाढ अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसकडे निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेहून जास्त माणसं गेली. एवढी माहिती पुरे. आकड्यांवर जास्त रेंगाळलात तर बातमी तयार होते, वर्णन नाही.

मग प्रत्येकाला बोटीवरची एकच जागा वाटून द्या: कठड्यालगत, जिन्यावर, सामानाच्या ढिगाजवळ. वेळही एकच, बोट कलंडायला लागली तो मिनिट. तिथून जे दिसतं, ऐकू येतं, हाताला लागतं तेवढंच लिहायचं. 'भयानक', 'थरकाप', 'हाहाकार' हे शब्द फळ्यावर लिहून सरळ खोडून टाका. मुलं कुरकुरतात, पण पाचेक मिनिटांत 'तांब्या घरंगळत पलीकडच्या बाकाखाली गेला आणि परत आलाच नाही' असं काहीतरी सापडतं. बोट किती कलली ते वेगळं सांगावं लागत नाही.

वाक्यांची लांबी शेवटी बघा. पाणी आत येताना वाक्यं तुटक झाली तर चालतील, किंबहुना व्हावीतच. आणि वर्गात कुणाच्या घरी अशी घटना घडली असेल, तर त्या मुलाला दुसरा विषय द्या.