जुन्या सिनेमा कॅमेऱ्याचा भाव का पडतो?

प्रश्न: नमस्कार सर, मी सांगलीत विश्रामबागला राहतो, लग्नं आणि अल्बम साँग शूट करतो. मुंबईत कॅमेरे भाड्यानं देणारे एकजण ॲरी कंपनीचा जुना सिनेमा कॅमेरा, अलेक्सा क्लासिक, विकतायत, नव्या मिररलेस कॅमेऱ्याच्या पैशात बॉडी (लेन्सशिवाय नुसता कॅमेरा) मिळतीय. वडील म्हणतात एवढा पडेल भाव म्हणजे काहीतरी खोट असणार. घेऊ का?

उत्तर: वडिलांची शंका रास्त आहे, पण भाव तर चांगल्या कॅमेऱ्याचापण पडतो. अलेक्सा 2010 ला आला तेव्हा नुसती बॉडी 50,000 युरोच्या आसपास होती आणि त्याच्या आधी 2007 ला रेड कंपनीचा रेड वन हा सिनेमा कॅमेरा 17,500 डॉलरला आला तर लोकांना तो स्वस्त वाटलेला! मग ओटीटी आलं, नेटफ्लिक्सनं स्वतःच्या मालिका-सिनेमांसाठी 4के, म्हणजे रुंदीत जवळपास चार हजार पिक्सेलचा सेन्सर मागितला आणि क्लासिक रेकॉर्डिंगला रुंदीत 2880 पिक्सेलच वापरतो, म्हणजे मोठी कामं गेली. त्यात 2015 ला ॲरीनंच हलका अलेक्सा मिनी काढला, गिंबलवर (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या स्टँडवर) सहज चढणारा. भाड्यानं जात नाही तो कॅमेरा दुकानात जागा अडवतो, म्हणून विकायला निघतो.

चित्र मात्र उतरलेलं नाही. भर उन्हात पांढरा फेटा आणि त्याखालचा सावळा चेहरा, दोन्ही एकाच फ्रेममध्ये नीट येतात, मला हा कॅमेरा मनापासून आवडतो.

पण लग्नाला नको हो. ऑटोफोकस नाही, बॉडीच सहा किलोच्या वर, 85 वॅटच्या आसपास वीज खातो म्हणजे 98 वॅट-अवरची व्ही-माउंट बॅटरी तासाभरात संपली, वरमाला कुणासाठी थांबत नाही. अल्बम साँगला, शॉर्टफिल्मला घ्या, सोबत असिस्टंट असेल तर.

आता वय कसं बघायचं. मेनूत किती तास चाललाय ते दिसतं, आधी ते बघा. पण तासांवर सगळं कळत नाही, कुठं चाललाय ते महत्त्वाचं. माझ्याकडं एक सेकंडहँड कॅमेरा होता, सारखा तापायचा आणि फॅन एवढा ओरडायचा की साऊंडवाला वैतागायचा, शेवटी उघडला तर आत पिवळाधमक थर, आधीच्या मालकानं पालच्या खंडोबाच्या यात्रेत चालवलेला, सगळा भंडारा रेडिएटरच्या जाळीत बसलेला. ब्रशनं काढता काढता अख्खी दुपार गेली. म्हणून फॅनचा आवाज शांत खोलीत ऐका. व्ह्यूफाइंडरची केबल हलवून बघा, चित्र जातं का. कार्डाचे दोन्ही स्लॉट तपासा, सोनीची एसएक्सएस कार्डं सोबतच मागून घ्या. पार्ट बऱ्याचदा दुसऱ्या बंद पडलेल्या बॉडीतनंच काढावा लागतो, तेवढे पैसे बाजूला ठेवूनच व्यवहार करा.

पैसे उरले तर लेन्समध्ये घाला. पीएल माउंट, म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स बसवायची ॲरीची जोडणी, 1982 पासून चालत आलाय, तेव्हाची लेन्स आजच्या कॅमेऱ्यावर बसते आणि म्हणून चांगल्या लेन्सचा भाव बॉडीसारखा कोसळत नाही. फक्त पावसाळ्यात बुरशीपासून जपा, बंद डब्यात सिलिका जेल टाकून.

आणि टोकन द्यायच्या आधी अर्धा तास कॅमेरा चालू ठेवून, लेन्सच्या जागी झाकण लावून 1600 आयएसओवर (प्रकाशाची संवेदनशीलता वाढवून) दोन मिनिटं रेकॉर्ड करा. काळ्यात पांढरे ठिपके, म्हणजे सेन्सरचे बिघडलेले पिक्सेल, दिसले तर ते फुटेज मला पाठवा, बघून सांगतो.