युद्ध चालू असताना संसदेने काय करायचे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या खेपेस आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयावरची आहेत : देश युद्धात असताना संसदेचे काम काय? नागपूरकरांना हा विषय परका नाही. कामठीची छावणी, वायुसेनानगर, 1962 च्या युद्धानंतर उभी राहिलेली अंबाझरीची आयुध निर्माणी, यांपैकी कुठे ना कुठे आपल्यातल्या अनेकांचे कुणीतरी नोकरीला असतेच. निवडक प्रश्न घेतो.

प्रश्न : युद्ध पुकारायला भारतात संसदेची मंजुरी लागते का? क्लासमध्ये दोन वेगवेगळी उत्तरे मिळाली.
*(स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी विद्यार्थिनी, धरमपेठ)*

लागत नाही. सेनादलांचे सर्वोच्च अधिपत्य राज्यघटनेच्या कलम 53 नुसार राष्ट्रपतींकडे आहे आणि राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. म्हणजे निर्णय मंत्रिमंडळाचा. गोंधळ बहुधा कलम 352 मुळे झाला असेल. युद्धामुळे आणीबाणी जाहीर केली, तर ती मात्र संसदेपुढे न्यावीच लागते. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीपासून एका महिन्यात दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मंजुरी हवी, आणि पुढे दर सहा महिन्यांनी पुन्हा. लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी लेखी मागणी केली, तर आणीबाणी नामंजूर करण्याच्या ठरावासाठी चौदा दिवसांत खास बैठक बोलवावी लागते. ही तरतूद उत्तरपत्रिकेत सहसा कुणी लिहीत नाही, तुम्ही लिहा. शिवाय पैशाच्या चाव्या लोकसभेकडेच असतात. ज्याचा तपशील आधी देता येत नाही अशा अचानक आलेल्या मोठ्या खर्चासाठीसुद्धा कलम 116 खाली सरकारला लोकसभेकडेच यावे लागते.

प्रश्न : जवान सीमेवर लढत असताना दिल्लीत सरकारला धारेवर धरणे मला पटत नाही. लढाई संपू द्या, मग काय ते विचारा. आपले मत?
*(निवृत्त सुभेदार, कामठी)*

सुभेदारसाहेब, तुमच्या म्हणण्यामागची कळकळ मी जाणतो. तरीही माझे मत उलटे आहे, आणि ते संसदेच्या 1962 च्या कार्यवृत्तांतून, म्हणजे भाषणांच्या छापील नोंदींतून, बनले आहे.

20 ऑक्टोबरला चीनने हल्ला केला, 26 ला आणीबाणी जाहीर झाली. अधिवेशन ठरल्या तारखेची वाट न पाहता लगेच बोलवा, अशी मागणी झाली. राज्यसभेत असलेले अटलबिहारी वाजपेयी त्यात पुढे होते. नेहरूंनी ती मान्य केली आणि 8 नोव्हेंबरला संसद भरली. त्या आधीच कृष्ण मेनन यांना संरक्षण खाते सोडावे लागले होते आणि 7 तारखेला ते मंत्रिमंडळातूनही गेले. त्यांना घालवण्यात विरोधकांइतकाच काँग्रेसच्या स्वतःच्या खासदारांचा हात होता. सैन्याला थंडीचे कपडे नाहीत, रायफली जुन्या, हे सभागृहात उघड बोलले गेले. चर्चा आठवडाभर चालली, दीडशेहून अधिक सदस्य बोलले, आणि 14 नोव्हेंबरला त्याच लोकसभेने उभे राहून, गेलेली भूमी परत मिळवण्याचा ठराव एकमुखाने केला. सरकारवर तुटून पडणारे आणि ठरावासाठी उभे राहणारे खासदार तेच होते. (नागपूरचे प्रतिनिधी तेव्हा लोकनायक बापूजी अणे होते, अपक्ष म्हणून निवडून आलेले.)

मेनन यांच्या जागी यशवंतराव चव्हाण आले. सप्टेंबर 1963 मध्ये त्यांनी पराभवाच्या चौकशीतले निष्कर्ष लोकसभेत मांडले : प्रशिक्षण, साधनसामग्री आणि नेतृत्वातल्या उणिवा. मूळ अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही, आणि साठ वर्षांनंतरही तो दडवून ठेवणे मला चुकीचे वाटते. पण निष्कर्ष तेवढे तरी देशापुढे आले, कारण विचारणारे सभागृह समोर बसलेले होते. त्याआधीच, ऑगस्टमध्ये, आचार्य कृपलानींनी स्वतंत्र भारतातला पहिला अविश्वास ठराव मांडला होता. बाजूने 62, विरोधात 347. सरकार टिकले, पण चार दिवस त्याला सगळे ऐकून घ्यावे लागले.

ब्रिटनचेही सांगतो. मे 1940 मध्ये नॉर्वेतील मोहीम फसल्यावर हाउस ऑफ कॉमन्समध्ये दोन दिवस वादळी चर्चा झाली. पंतप्रधान चेंबरलेन 281 विरुद्ध 200 मतांनी जिंकले, पण त्यांच्याच पक्षाचे इतके खासदार फुटले की 10 मे रोजी त्यांनी राजीनामा दिला आणि चर्चिल आले. नेमका त्याच दिवशी हिटलरने फ्रान्स, बेल्जियम आणि हॉलंडवर हल्ला चढवला. लढाई संपायची वाट पाहिली असती, तर चेंबरलेनच राहिले असते.

तोफ कुठे लावायची, हे खासदारांनी विचारू नये. जवानाच्या पायात बूट आहेत का, हे विचारायलाच हवे, आणि लढाई चालू असतानाच.

प्रश्न : आजोबा सांगायचे, चीनच्या युद्धानंतर चौदा कॅरेटचा नियम आला आणि आमच्या गल्लीतल्या कारागिरांच्या भट्ट्या विझल्या. संसदेने असा कायदा कसा केला?
*(सराफा व्यावसायिक, इतवारी)*

खरी मेख इथेच आहे : तो संसदेने केलेला कायदा नव्हता. संसदेने केला होता भारत संरक्षण कायदा, 1962. त्यात नियम करण्याचे अतिशय व्यापक अधिकार सरकारला दिले होते. त्या अधिकारात 9 जानेवारी 1963 रोजी सुवर्ण नियंत्रणाचे नियम जारी झाले. अर्थमंत्री मोरारजी देसाई. चौदा कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी आली. सोन्याची चोरटी आयात थांबावी, परकीय चलन वाचावे, हा हेतू होता. पण लग्नाचे मंगळसूत्र बावीस कॅरेटचेच हवे, असे मानणाऱ्या समाजात त्याचा घाव थेट घडणावळीवर जगणाऱ्या कारागिरावर बसला. विरोध वाढत गेला तसा नियम पुढे सैल करावा लागला. 1968 मध्ये सुवर्ण नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला आणि तो 1990 मध्ये रद्द झाला.

युद्धकाळात सभागृहाच्या हातून सर्वांत मोठी चूक होते ती इथे. घाईत सही करून दिलेला कोरा धनादेश परत मागायचे राहून जाते. चीनने एकतर्फी युद्धबंदी केली 21 नोव्हेंबर 1962 ला. आणीबाणी उठली 10 जानेवारी 1968 ला. एका महिन्याच्या लढाईसाठी पाच वर्षांहून अधिक काळ असाधारण अधिकार! भारत संरक्षण कायद्याखालच्या नियमांनुसारच खुद्द खासदार राममनोहर लोहिया यांना स्थानबद्ध केले गेले, आणि सप्टेंबर 1965 मध्ये, पाकिस्तानशी लढाई चालू असताना, सर्वोच्च न्यायालयाने ती स्थानबद्धता बेकायदा ठरवली. तुमच्या गल्लीतल्या कारागिराला न्यायालयाची पायरी परवडणारी नव्हती. त्याचा आवाज संसदेतच उठायला हवा होता, तो फार उशिरा उठला.

प्रश्न : गुप्त बैठक का घेत नाहीत? म्हणजे शत्रूला काही कळणार नाही.
*(गृहिणी, महाल)*

घेता येते. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धात अशा बैठका घेतल्या. आपल्याकडे 1962 मध्ये अपक्ष खासदार एल. एम. सिंघवी यांनी ती मागितली. लोकांना ऐकण्याचा हक्क आहे म्हणून नेहरूंनी नकार दिला. युक्रेनच्या संसदेने 2022 पासून बैठकीची वेळ आधी न सांगण्याची आणि थेट प्रक्षेपण थांबवण्याची वाट धरली, कारण तिथे क्षेपणास्त्र थेट सभागृहावर येऊ शकते.

प्रश्न : युद्ध चालू असताना निवडणुका पुढे ढकलणे म्हणजे लोकशाहीला सुट्टीच ना?
*(निवृत्त शिक्षक, लक्ष्मीनगर)*

सरसकट नाही. ब्रिटनमध्ये 1935 ला निवडलेली संसद दरवर्षी नवा कायदा करून 1945 पर्यंत चालली. युरोपातले युद्ध संपताच निवडणूक झाली आणि विजयी चर्चिल हरले. युक्रेनमध्ये युद्धकालीन कायदा लागू असताना निवडणूक घेता येत नाही, पण तो कायदा संसदेला ठराविक मुदतीने पुन्हा मंजूर करावा लागतो. आपल्या कलम 83 नुसार आणीबाणीत लोकसभेची मुदत एका वेळी एक वर्ष वाढवता येते आणि आणीबाणी संपल्यावर सहा महिन्यांपलीकडे नाही. ही सोय आपण वापरली ती 1976 मध्ये, दोनदा, कोणतेही युद्ध चालू नसताना. म्हणून मुदतवाढ किती दिवसांची, कुणाच्या मताने आणि कशासाठी, हे तिन्ही तपासा.

प्रश्न : कारगिलच्या वेळी तर लोकसभाच नव्हती. तरी जिंकलो.
*(अभियंता, मनीषनगर)*

बरोबर. 17 एप्रिल 1999 ला वाजपेयी सरकार एका मताने पडले, लोकसभा विसर्जित झाली आणि काळजीवाहू सरकारने युद्ध चालवले. पण राज्यसभा कधीच विसर्जित होत नाही. तिची खास बैठक बोलवा, अशी विरोधकांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. युद्धानंतर त्याचा आढावा घ्यायला के. सुब्रह्मण्यम समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल काही भाग वगळून फेब्रुवारी 2000 मध्ये संसदेत आला, हे चांगले झाले. मे 2025 मधल्या ऑपरेशन सिंदूरनंतर सर्वपक्षीय बैठक झाली. संसदेतली चर्चा मात्र जुलैअखेरच्या पावसाळी अधिवेशनात. सर्वपक्षीय बैठक उपयोगी असते, पण तिचे कार्यवृत्त तुम्हा-आम्हाला वाचायला मिळत नाही. सभागृहाची जागा ती घेऊ शकत नाही.

प्रश्न : 1962 ची भाषणे मुळातून कुठे वाचता येतील?
*(विद्यार्थी, मेडिकल चौक)*

संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात लोकसभेची जुनी कार्यवृत्ते मोफत आहेत. 8 ते 14 नोव्हेंबर 1962 या तारखा टाकून शोधा. पाने हजारांच्या घरात जातील, तेव्हा 14 तारखेपासून मागे वाचत जा. नंतर सप्टेंबर 1963 मधले चव्हाणांचे निवेदन काढा. ते थोडक्या पानांत आहे.