पुस्तक सुचवलं तरी कुणी वाचत नाही, मग आपण काय वाचतोय ते सांगायचं तरी कसं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही फॅमिली ग्रुपवर आणि ऑफिसच्या ग्रुपवर वाचलेल्या पुस्तकांची नावं टाकता, कव्हरचे फोटो टाकता, लाईक येतात पण पुस्तक मागायला कुणीच येत नाही, तर सुचवायचं कसं. मी वेंगुर्ल्याकडच्या एका लहान वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसते, दिवसभर हेच काम, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

माझं म्हणणं एवढंच की पुस्तक चांगलं आहे हे सुचवायला पुरेसं कारण नाही. ते ह्याच माणसाला का, हे आपल्याला सांगता आलं पाहिजे. ग्रंथालयशास्त्रात एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली पाच नियम मांडले, त्यातले दोन म्हणजे प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. ग्रुपवर शंभर जणांना एकच नाव टाकलं की यातलं काहीच घडत नाही, कारण कुणालाच वाटत नाही की हे मला म्हणून सांगितलंय.

एक उदाहरण देते. आमच्याकडे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, त्या दिवसांत बंदरावरची माणसं जरा मोकळी असतात. एक तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, मुलीचं पुस्तक बदलायला यायचे, स्वतः काही घेत नसत, नुसते दाराशी उभे. त्यांना विचारलं की समुद्रावर रेंज नसते तेव्हा काय करता, तर म्हणाले जुनी माणसं गोष्टी सांगतात, कोण कुठे गेला, कुठे अडकला, कसा परत आला. मी उठून विष्णुभट गोडशांचं 'माझा प्रवास' काढून दिलं. देताना फक्त इतकंच सांगितलं की आपल्या कोकणातला, पेण तालुक्यातल्या वरसईचा एक भटजी, घरावर कर्ज झालंय, उत्तरेत मोठा यज्ञ आहे आणि दक्षिणा भरपूर मिळणार असं कानावर आलं म्हणून काकांबरोबर घर सोडून निघतो आणि नेमका 1857 च्या धामधुमीत सापडतो, झाशीला वेढा पडतो तेव्हा हा आत गावात असतो. हे पुस्तक 1907 साली छापलं गेलं, अभ्यासक त्याला किती मानतात वगैरे मला सगळं सांगता आलं असतं, पण ते ऐकून त्या माणसाने पुस्तक टेबलावरच ठेवलं असतं. पैशासाठी घर सोडून लांब जाणं आणि तिथून जीव वाचवून परत येणं हे त्यांना मी काय सांगणार! भाषा जुनी आहे म्हणून मुलगी मोठ्याने वाचायची नि घरातले सगळे ऐकायचे. पुढच्या खेपेला दारातूनच विचारलं, "बाय, तो भट घराक पोचलो काय नाय, ता आधी सांग." मी नाही सांगितलं, इथेही सांगणार नाही.

तर पहिलं काम म्हणजे विचारणं, पण "तुम्हाला कसली पुस्तकं आवडतात" असं विचारू नका, त्याने माणूस अवघडतो, त्याला वाटतं आपली परीक्षा चाललीय, मग तो शाळेतल्या धड्यातलं एखादं नाव सांगून मोकळा होतो. त्यापेक्षा शेवटचं काय अगदी संपेपर्यंत सोडवलं नाही ते विचारा, पुस्तक नसेल तर सिनेमा, सिरियल, शेजारच्या काकूंनी सांगितलेली कोर्टकचेरीची हकीकत, काहीही चालतं. आणि नुसतं नाव ऐकून थांबू नका, त्यात काय आवडलं ते पण विचारा. 'तुंबाड' सिनेमा आला 2018 ला, तेव्हापासून कॉलेजची मुलं येऊन श्री. ना. पेंडशांचं 'तुंबाडचे खोत' मागतात. आता ती कादंबरी दोन जाडजूड खंडांची, जगबुडी नदीच्या काठावरच्या खोत घराण्याच्या पिढ्यांची, मला स्वतःला फार प्रिय, पण सिनेमाने तिच्याकडून नाव घेतलंय, भीतीची गोष्ट सुचली ती नारायण धारपांच्या कथेवरून. ज्याला अंगावर काटा हवाय त्याच्या हातात खोतांचे दोन खंड दिले तर तो पुन्हा वाचनालयाची पायरी चढणार नाही. त्याला मी धारप देते. पण एकजण म्हणाला की मला तो वाडा, तो पाऊस, ती जुनी माणसं आवडली, त्याला मात्र पेंडसेच दिले, तेही आधी 'गारंबीचा बापू', एका खंडात संपणारी. दापोलीकडच्या मुलांना तर मी हीच देते, त्यांच्याच परिसरातली माणसं आहेत त्यात.

आता ग्रुपवर काय टाकायचं ते. पुस्तक संपल्यावर "अप्रतिम, जरूर वाचा" असं सगळेच लिहितात आणि त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. तुम्ही मध्यावर असताना लिहा ना, गोष्ट तुमच्या डोक्यात चालू असताना, की आज इथपर्यंत आलेय, ह्या बाईने नवऱ्याला न सांगता दागिने गहाण टाकले, मला तिचं पटलं, तुम्ही काय केलं असतं? लोक दागिन्यांवर बोलायला लागतात आणि बोलता बोलता कुणीतरी पुस्तकाचं नाव विचारतं. ते विचारेपर्यंत नाव सांगितलं नाही तरी चालतं, उलट बरंच. एखादा परिच्छेद आवडला तर तेवढाच टाका. पण आख्ख्या पुस्तकाची पीडीएफ फिरवू नका, कृपा करून. मराठीत बरीच पुस्तकं हजार प्रतींची आवृत्ती काढतात आणि ती संपायलाही वर्षं जातात, त्यात पीडीएफ फिरली की लिहिणाऱ्याच्या हातात काय राहणार.

अजून एक, पुस्तक सुचवलं की ते कुठे मिळेल हेही लगेच सांगा. आमच्या किनाऱ्यावर पुस्तकाचं दुकान म्हणजे बहुतेक ठिकाणी वह्या, गाईड आणि कॅलेंडर, त्यामुळे कादंबरी घ्यायची तर लोकांना ती मागवावी लागते आणि तेवढ्यात उत्साह जातो. पण वाचनालयं आहेत की, रत्नागिरीचं नगर वाचनालय तर 1828 सालचं आहे, सावंतवाडीला श्रीराम वाचन मंदिर आहे, तालुक्यातालुक्यात आहेत. वर्गणी अगदी किरकोळ असते. तुमचं स्वतःचं पुस्तक असेल तर थेट हातात द्या, आणि देताना वाचायला सुरुवात कुठून करायची तेही दाखवा, पहिली वीस पानं संथ असतील तर तसं सांगून टाका म्हणजे माणूस तिथेच कंटाळून सोडत नाही.

आणि दिल्यावर मागे लागू नका. "वाचलंस का, कुठपर्यंत आलं" असं दोनदा विचारलं की माणूस आपल्याला टाळायलाच लागतो, मी हे टेबलावर रोज बघते, अर्धवट वाचलेलं पुस्तक परत करायला लोक ओशाळतात, दंड चढला तरी येत नाहीत. मी आधीच सांगून ठेवते, नाही जमलं तर निम्म्यातून आणून द्या, दुसरं काढू. मग ते खरंच येतात, आणि काय नाही आवडलं ते सांगतात, आणि पुढचं पुस्तक शोधायला मला त्याचाच उपयोग सगळ्यात जास्त होतो.

तुमच्या प्रश्नात तुम्ही भावाबद्दल लिहिलंय की तो काहीच वाचत नाही, फक्त रात्री उशिरापर्यंत क्रिकेटच्या जुन्या मॅचेस बघतो. त्याला कुठली मॅच परत परत बघावीशी वाटते, जिंकलेली की हरलेली, तेवढं विचारून कळवा, मग बघू त्याला काय देता येईल.