नाणेघाटात रस्ता नाही, तरी तो 'घाट' कसा?

प्रश्न असा आहे: "घाट म्हणजे वळणावळणाचा रस्ता. नाणेघाटात तर नुसत्या दगडी पायऱ्या. मग त्याला खिंड का म्हणत नाहीत?"

वळणांचा रस्ता हा 'घाट'चा नंतरचा अर्थ. घाट म्हणजे देशावरून कोकणात उतरायची वाट, मग ती लमाणांच्या बैलांची असो की डोक्यावर भारा घेतलेल्या माणसाची. संस्कृत 'घट्ट' म्हणजे नदीत उतरायची जागा. वाईचा नदीवरचा घाट आणि डोंगरातला बोरघाट या दोहोंत उतरणं समान आहे. ('लग्नाचा घाट घातला' किंवा 'घाटदार' यातला घाट वेगळा, तो घडणीचा.)

खिंड म्हणजे दोन डोंगरांमधली फट. तिच्या दोन्ही बाजू एकाच उंचीवर असू शकतात. घाटाला मात्र माथा आणि पायथा लागतोच. नाणेघाटाच्या माथ्यावर कातळातली खिंडही आहे, पण ती घाटाचा एक तुकडा झाली. ओढ्याच्या घळीतून उभी चढणारी वाट असेल तर तिला 'नाळ' म्हणतात.

आता रस्त्याचं. कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत जाणारा महामार्ग (पूर्वीचा 222, आताचा 61) सातवाहनकाळच्या कल्याण–जुन्नर–पैठण व्यापारी मार्गाच्याच दिशेने जातो. वैशाखऱ्याजवळ मात्र दोघांची फारकत होते: पायवाट नाणेघाटाला भिडते, गाडीरस्ता पुढे जाऊन माळशेजने चढतो. माळशेजही जुनीच वाट, पण तिथे गाडीला वळसे घ्यायला अंग आहे. लादलेला बैल पायऱ्या चढतो. गाडीला साधारण वीस मीटर चालीला एक मीटर चढ मानवतो. म्हणजे सहाशे मीटर चढायला बारा किलोमीटर रस्ता हवा, आणि नाणेघाटाच्या अरुंद घळीत तो मावत नाही.

राहता राहिलं 'नाणे'. माथ्यावरच्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकत, म्हणून नाणेघाट, असं सगळेच सांगतात. गोष्ट छान आहे, पण पुरावा म्हणून घाटातल्या लेण्यातल्या कोरीव लेखाकडे बोट दाखवू नये. सातवाहन राणी नागनिकेचा तो ब्राह्मी लेख यज्ञांचा आणि दक्षिणेचा आहे. त्यात गाई, घोडे, हत्ती, गावं आहेत, 'काहापण' ही नाणीही आहेत, पण दान म्हणून. शिवाय 'जकात' हा शब्द अरबी, सातवाहनांनंतर कित्येक शतकांनी आलेला. त्या काळचा शब्द 'शुल्क', प्राकृतात 'सुंक'.

जकातीचा धागा सापडतो तो 'नाणे'त नव्हे, 'घाटा'त. संस्कृतात जकातनाक्याला 'घट्टकुटी' म्हणतात, आणि 'घट्टकुटीप्रभात' नावाचा न्यायही (म्हणजे दाखल्याची म्हण) आहे: जकात चुकवायला व्यापारी रात्री आडवाटेने निघतो, वाट चुकतो, आणि उजाडतं तेव्हा नेमका नाक्याच्या दारात उभा असतो.